सह्याद्रीच्या जंगलातील रानडुक्कर : मूळ रहिवासी आणि बिघडलेला तोल

रानडुक्कर हा जगाच्या एका भागात परकीय आक्रमक प्राणी ठरला आहे, तर दुसऱ्या भागात तो जंगलाचा मूळ रहिवासी आहे. भारत या दुसऱ्या भागात मोडतो. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यापासून छत्तीसगडमधील मैकल पर्वतरांगेपर्यंत आणि हिमालयाच्या पायथ्यापासून केरळपर्यंत हा प्राणी फार प्राचीन काळापासून राहत आला आहे. असे असूनही कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातील डोंगराळ तालुक्यांत त्याच्याकडून होणारी पिकांची नासाडी हा शेतकऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न झाला असून, त्याला सरसकट मारण्याची परवानगी मिळावी, ही मागणी वारंवार पुढे येते. त्याच सह्याद्रीत वाघांची वस्ती पुन्हा उभी करण्याचे काम सुरू आहे आणि वाघाच्या प्रमुख भक्ष्यांत रानडुकराचा समावेश होतो. म्हणूनच हा प्राणी डोंगरी जंगलावर नेमका कोणता परिणाम करतो, तो कोठे घातक ठरतो आणि कोठे आवश्यक, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

प्राण्याची ओळख

रानडुकराचे शास्त्रीय नाव सस स्क्रोफा. भारतीय उपखंडातील उपप्रजातीला सस स्क्रोफा क्रिस्टॅटस म्हणतात. मानेपासून पाठीवर गेलेली राठ, लांब केसांची आयाळ ही तिची ठळक खूण होय. नराचे सुळे बाहेर वळलेले असतात. पिल्लांच्या अंगावर फिकट आडवे पट्टे असतात आणि काही महिन्यांत ते नाहीसे होतात. माद्या व पिल्ले कळपाने राहतात, तर प्रौढ नर बहुधा एकटे फिरतात.

हा प्राणी सर्वभक्षी आहे. कंद, मुळे, बांबूचे कोंब, गळालेली फळे, बिया, गांडुळे, हुमणीसारख्या अळ्या, बेडूक, जमिनीवरील घरट्यांतील अंडी आणि मेलेली जनावरे, यांपैकी काहीही त्याला चालते. त्याचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असल्याने जमिनीखालचे अन्न तो सहज हुडकतो. मादीचा गर्भकाळ सुमारे चार महिन्यांचा असून एका वेळी साधारणतः चार ते सहा पिल्ले होतात. अन्न मुबलक असल्यास ही संख्या वाढते. पोषण चांगले असेल तर मादी वर्षभराच्या आतबाहेर प्रजननक्षम होते. सांबर किंवा गवा यांच्या मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. या तुलनेत रानडुकराची संख्या किती झपाट्याने वाढू शकते, हे सहज लक्षात येते. निसर्गात या वाढीला आवर घालतात ते शिकारी प्राणी, रोगराई आणि अन्नाची टंचाई. यांपैकी एखादा लगाम सुटला की तोल बिघडू लागतो.

जंगलाच्या जमिनीवर होणारे परिणाम

रानडुकराचा सर्वांत मोठा परिणाम त्याच्या उकरण्यामुळे होतो. अन्नाच्या शोधात तो मुसंडीने जमिनीचा वरचा थर उलथून टाकतो. कुजलेला पालापाचोळा, त्याखालची सुपीक माती आणि खालचा खनिज थर एकमेकांत मिसळतात. ही क्रिया मर्यादित प्रमाणात असेल तर तिचा लाभही होतो. माती भुसभुशीत होते, पाणी मुरते, सेंद्रिय पदार्थ लवकर कुजतात आणि काही बियांना रुजण्यासाठी मोकळी जागा मिळते. लहान बिया त्याच्या विष्ठेतून, तर काटेरी बिया केसांना चिकटून दूरवर पोहोचतात. मोठ्या बिया मात्र तो चावून नष्ट करतो.

हेच उकरणे दाट व वारंवार झाले की चित्र पालटते. रोपे मुळासकट उपटली जातात, जमिनीवरचे वनस्पतींचे आवरण विरळ होते आणि उघड्या मातीत तणे शिरकाव करतात. तीव्र उतार आणि मुसळधार पाऊस असलेल्या डोंगरांत मोकळी झालेली माती वाहून जाण्याचा धोका अधिक. सह्याद्रीच्या जंगलात पावसाळ्यात जमिनीच्या वरच्या काही सेंटिमीटरांतच मोठी जीवसृष्टी नांदते. शेवळा, सुरण यांसारख्या रानकंदांपासून कंदीलपुष्प वर्गातील वनस्पतींच्या छोट्या कंदांपर्यंत, तसेच बेडूक, देवगांडूळ आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी हे सारे याच थरात असते. कंदीलपुष्पांचे कंद माणसांबरोबरच साळिंदर आणि रानडुक्करही खातात. या वर्गातील काही जाती सह्याद्रीबाहेर कोठेही आढळत नाहीत आणि त्यांचा आढळ मोजक्या कड्यांपुरता व सड्यांपुरता मर्यादित आहे. अशा ठिकाणी थोडे अधिक उकरणेही महागात पडू शकते.

दुसरा परिणाम त्याच्या लोळण्याचा. डुकराला घामावाटे शरीर पुरेसे थंड करता येत नाही. त्यामुळे उष्मा आणि गोचिडांपासून सुटका मिळवण्यासाठी तो चिखलात लोळतो. त्यातून तयार झालेल्या डबक्यांचा काही बेडकांना व कीटकांना उपयोग होतो. मात्र लहान झरे आणि पाणवठे गढूळ होतात.

जेथे तो उपरा आहे

युरोप व आशियाबाहेर माणसाने नेलेल्या रानडुकरांनी आणि रानटी झालेल्या पाळीव डुकरांनी केलेली हानी मोठी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाशी संबंधित तज्ज्ञांनी तयार केलेल्या जगातील १०० सर्वाधिक घातक आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार त्याच्यामुळे ५४ देशांतील ६७२ प्रकारच्या वनस्पती व प्राण्यांना धोका असून, १४ प्रजाती नामशेष होण्यामागे तो कारणीभूत ठरला आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने या उकरण्याचा हवामानाशी असलेला संबंध मांडला. माती उलथली की तिच्यात साठलेला कार्बन हवेत मिसळतो. मूळ अधिवासाबाहेरील डुकरांमुळे दरवर्षी सुमारे ४९ लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे ११ लाख मोटारींच्या वार्षिक उत्सर्जनाइतका, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे.

अमेरिकेतील ग्रेट स्मोकी पर्वतातील उदाहरण डोंगरी जंगलांच्या दृष्टीने बोलके आहे. १९१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हूपर बाल्ड येथे शिकारीच्या हौसेसाठी युरोपीय रानडुकरे आणण्यात आली. कुंपणातून निसटलेल्या या डुकरांची प्रजा १९४०च्या दशकाच्या अखेरीस ग्रेट स्मोकी राष्ट्रीय उद्यानात पोहोचली. उंचावरील बीच वृक्षांच्या जंगलात त्यांनी जमिनीवरील वनस्पतींचे आवरण मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केले. पालापाचोळ्याच्या थरावर अवलंबून असलेले चिचुंद्रीसारखे छोटे सस्तन प्राणी उकरलेल्या भागांतून जवळजवळ दिसेनासे झाले.

हवाई बेटांवर परिणामांची साखळी आणखी लांब आहे. तेथील डोंगरी जंगलात डुकरे वृक्षनेच्यांची खोडे पिष्टमय गाभ्यासाठी पोखरतात. पोकळ खोडांत पावसाचे पाणी साचते आणि त्यात डासांची पैदास होते. हे डास पक्ष्यांमधील हिवताप पसरवतात. प्रतिकारशक्ती नसलेल्या हवाईच्या स्थानिक पक्ष्यांवर या रोगाने मोठे संकट आणले आहे. डुकराचा पक्ष्याशी थेट संबंध नसतानाही त्याच्या उकरण्यामुळे पक्षी मरतात, ही बाब परिसंस्थेतील गुंतागुंत दाखवून देते.

देशी असूनही घातक : मलेशियाचा धडा

परकीय प्राणी घातक आणि देशी प्राणी निरुपद्रवी, अशी सरळ विभागणी मात्र करता येत नाही. मलेशियाच्या द्वीपकल्पातील पासो हे संरक्षित जंगल याचा पुरावा आहे. तेथील रानडुक्कर मूळचाच आहे. मात्र जंगलाच्या भोवती तेलताडाच्या बागा पसरल्या आणि वाघ नाहीसा झाला. बागांतील गळालेल्या फळांवर पोसलेली डुकरे विश्रांतीसाठी व विण्यासाठी जंगलात येऊ लागली. मादी विण्यापूर्वी कोवळी रोपे तोडून घरटे रचते आणि एका घरट्यासाठी शेकडो रोपे खर्ची पडतात. २४ वर्षांच्या नोंदींवर आधारित, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या काळात जंगलातील झाडांच्या रोपांची घनता ६२ टक्क्यांनी घटली. या जंगलात कोणी कुऱ्हाड चालवली नव्हती. शेजारच्या बागांतील अन्न आणि शिकारी प्राण्यांचा अभाव, या दोन कारणांनी एका मूळ रहिवाशाचे वर्तन परक्या आक्रमकासारखे झाले.

सह्याद्रीच्या संदर्भात हाच धडा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

सह्याद्रीतील स्थिती

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये अस्तित्वात आला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झालेल्या या प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर असून ते सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत पसरले आहे. या जंगलात बिबट्या आणि रानकुत्रा आहेत. वाघ मात्र दीर्घकाळ अपवादानेच दिसत आला. मे २०१८ मध्ये आणि त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघाची छबी टिपली गेली, तेव्हा ती मोठी बातमी ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली.

वाघ टिकायचा असेल तर त्याला पुरेसे भक्ष्य हवे. त्यासाठी अन्य ठिकाणांहून चितळ आणून सोडण्याचे प्रयोगही येथे झाले आहेत. सांबर, गवा आणि रानडुक्कर हे मोठ्या आकाराचे भक्ष्य या पर्वतराजीत मूळचेच आहे. बिबट्या व रानकुत्रा रानडुकराची पिल्ले व अल्पवयीन डुकरे मारतात, तर पूर्ण वाढलेल्या नराशी झुंज घेण्याची ताकद प्रामुख्याने वाघातच असते. या अर्थाने रानडुक्कर आणि वाघ हे एकाच साखळीचे दोन दुवे आहेत. वाघ नसलेल्या प्रदेशात रानडुकरावरील एक नैसर्गिक लगाम ढिला पडतो आणि रानडुक्कर नसलेल्या जंगलात वाघाची पावले गावातील गुरांकडे वळण्याची शक्यता वाढते.

जंगलाच्या कडेची शेती

लगाम ढिला पडण्याचे दुसरे कारण शेतात आहे. कोकणात भात, नाचणी, वरी, कंदपिके आणि नारळ-सुपारीची कोवळी रोपे यांवर रानडुकरांचा रोख असतो. घाटमाथ्यावर व पूर्वेकडील खोऱ्यांत भुईमूग, मका आणि ऊस यांचे नुकसान होते. डुक्कर खाते त्यापेक्षा तुडवते अधिक. पीक कापणीला आले असताना कळप एका रात्रीत शेत आडवे करतो आणि शेतकऱ्याची हंगामाची मेहनत वाया जाते.

उसाची भूमिका विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्वी पीक निघाले की शेत मोकळे होई आणि डुकरांना जंगलात परतावे लागे. बारमाही बागायतीमुळे वर्षातील बहुतेक काळ उंच, दाट उसाचे फड उभे असतात. त्यात अन्न, पाणी आणि निवारा तिन्ही एकत्र मिळतात. त्यामुळे अनेक कळपांना जंगलाची गरज उरलेली नाही. मलेशियातील तेलताडाने जे केले, तेच येथे ऊस करू शकतो.

कोकणात हेच वेगळ्या वाटेने घडते. मुंबई-पुण्याकडे झालेल्या स्थलांतरामुळे गावोगावी जमिनी पडीक राहिल्या. पडीक जमिनीवर झुडपे माजतात आणि डुकरांना वस्तीलगत आडोसा मिळतो. मागे राहिलेल्या शेतकऱ्याचे शेत मग एकाकी पडते आणि सारा उपद्रव त्याच्यावर येतो. कंटाळून तोही शेती सोडतो व पडीक क्षेत्र आणखी वाढते. पूर्वी सलग शेते कसली जात असताना माळ्यावर बसून रात्रभर राखण करण्याच्या पाळ्या गावकरी वाटून घेत. डबे वाजवणे, गोफण, आरोळ्या, शेकोट्या ही साधने साधी होती. परंतु ती सामूहिक असल्याने उपयोगी पडत. मनुष्यबळ घटले, तशी ही व्यवस्था मोडकळीस आली.

नुकसानीचे मोजमाप हाही वादाचा विषय आहे. महाराष्ट्रात रानडुकरांमुळे झालेल्या पीकहानीसाठी वनविभागाकडून भरपाई मिळते. मात्र पंचनामा बहुतांशी नजरेच्या अंदाजावर होतो. ताडोबाच्या पश्चिम सीमेवरील शेतांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नजरपाहणीत प्रत्यक्ष हानीचा मोठा भाग निसटतो, हे दाखवून दिले. राखणीत गेलेल्या रात्री आणि भीतीने सोडून दिलेली पिके यांची नोंद तर कोणत्याच पंचनाम्यात होत नाही.

फासे, गावठी बॉम्ब आणि वीजतारा

हताशेतून योजले जाणारे बेकायदा उपाय वन्यजीवांसाठी आणि माणसांसाठीही जीवघेणे ठरतात. रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात बिबटे अडकल्याच्या घटना कोकणात वारंवार घडल्या आहेत. खाद्यात लपवलेल्या गावठी बॉम्बमुळे पाळीव जनावरे जायबंदी होतात. विदर्भात शेताभोवती सोडलेल्या विद्युतप्रवाहाने वाघांचे बळी गेले आहेत. छत्तीसगडमध्येही रानडुकरांसाठी पसरलेल्या जिवंत तारांनी हत्तींचा मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. अशा तारांना स्पर्श होऊन शेतकरी आणि शेतमजूरही दगावले आहेत. रानडुकराला आवर घालणारा वाघ रानडुकरासाठी लावलेल्या सापळ्यात मरतो, तेव्हा मूळ समस्या आणखी बिकट होते.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानडुक्कर संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्याचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत होतो. तथापि हे संरक्षण निरपवाद नाही. मानवी जीविताला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका निर्माण झाल्यास कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतो. कलम ६२ अन्वये केंद्र सरकार ठरावीक क्षेत्रापुरते आणि ठरावीक मुदतीसाठी एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करू शकते. २०१५-१६ मध्ये बिहार आणि उत्तराखंडमधील काही जिल्ह्यांसाठी रानडुकराबाबत अशा अधिसूचना निघाल्या होत्या. केरळने २०२२ मध्ये वेगळा मार्ग स्वीकारून कलम ११ खालील अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत पोहोचवले.

मारण्याची परवानगी मिळाली म्हणजे संख्या आटोक्यात येते, असे मात्र नाही. युरोपातील १८ देशांच्या आकडेवारीचा २०१५ मध्ये आढावा घेण्यात आला. तेथे हौशी शिकारीला मुभा असूनही रानडुकरांची संख्या वाढतच गेल्याचे त्यात आढळले. प्रजननाचा वेग लक्षात घेता संख्या घटवण्यासाठी दरवर्षी तिच्या फार मोठ्या भागाची छाटणी करावी लागते. एखादा दुसरा मोठा नर मारल्याने शेतकऱ्याचे तात्पुरते समाधान होते, परंतु कळपाच्या वाढीवर परिणाम होत नाही, कारण ती माद्यांवर अवलंबून असते.

रोगाचा नवा धोका

आफ्रिकन स्वाइन फीवर या विषाणूजन्य रोगाचा भारतात प्रथम शिरकाव २०२० मध्ये ईशान्येकडे झाला. तो माणसाला होत नाही, परंतु पाळीव आणि रानटी अशा दोन्ही डुकरांसाठी बहुतांशी प्राणघातक असतो. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूतील मुदुमलाई व्याघ्र प्रकल्पात मृत रानडुकरांमध्ये या रोगाचे निदान झाले आणि तो पश्चिम घाटाच्या जंगलात पोहोचल्याचे स्पष्ट झाले. गावात मोकाट फिरणारी डुकरे आणि रानडुकरे जेथे एकत्र येतात, तेथे रोगाची देवाणघेवाण आणि संकर या दोन्ही शक्यता असतात. रोगाने संख्या घटली तर शेतकऱ्याला दिलासा मिळेल, असे वाटू शकते. पण एखाद्या जंगलातील भक्ष्य अचानक नाहीसे झाले, तर वाघ-बिबट्यांचा मोर्चा पशुधनाकडे वळू शकतो आणि संघर्षाचे केवळ रूप बदलते.

उपायांची दिशा

उपलब्ध उपायांपैकी सौर कुंपण हा तुलनेने प्रभावी ठरला आहे. शेतकऱ्यांमध्ये ‘झटका मशीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेत विजेचा क्षणभराचा झटका बसतो. प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. घरगुती वाहिनीवरून सोडलेला अखंड प्रवाह मात्र प्राण घेतो, हा दोहोंतील मूलभूत फरक आहे. महाराष्ट्रात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणासाठी साहाय्य दिले जाते. एकेकट्याने घातलेले कुंपण डुकरांना शेजारच्या शेतात ढकलते. म्हणून वाडीने किंवा गावाने मिळून घातलेले सलग कुंपण आणि त्याची नियमित देखभाल अधिक लाभदायक असते. कुंपणाखालची झुडपे वेळोवेळी काढली नाहीत, तर प्रवाह जमिनीत उतरतो आणि यंत्रणा निकामी होते.

विम्याच्या बाबतीत, वन्यप्राण्यांमुळे होणारी पीकहानी प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप २०२६ पासून समाविष्ट करण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. ७२ तासांच्या आत छायाचित्रासह नुकसानीची नोंद करण्याची अट त्यात आहे. दुर्गम वाड्यांमध्ये मोबाइलचे जाळे कितपत पोहोचते, यावर या तरतुदीची उपयुक्तता बऱ्याच अंशी अवलंबून राहील.

दीर्घकालीन उत्तर जंगल आणि शेत या दोन्हींकडे एकत्र पाहण्यात आहे. जंगलाच्या आत रानडुक्कर हा मातीची मशागत करणारा, बिया वाहणारा आणि वाघाचे पोट भरणारा घटक आहे; तेथे त्याला संरक्षण हवे. जंगलाबाहेर, उसाच्या फडात आणि पडीक रानात पोसल्या गेलेल्या कळपांबाबत कायद्याच्या चौकटीतील, प्रशिक्षित यंत्रणेमार्फत होणारे नियंत्रण, त्वरित भरपाई आणि सामूहिक राखण यांची सांगड घालावी लागेल. सह्याद्रीत वाघ परत येत असताना त्याच्या भक्ष्याचा भार एकट्या डोंगराळ शेतकऱ्याच्या खांद्यावर राहू नये, याची काळजी घेतली गेली, तरच जंगलाशेजारी शेती करणारा माणूस त्या जंगलाच्या बाजूने उभा राहील.